जवळा म्हणजे मासा नव्हे

माझ्या आईच्या मते जवळा हा मासा नाही. जवळा म्हणजे कोळंबीसारखाच, पण अगदी इवलासा जीव. वाळवला की कोंड्याइतका हलका होतो. आमच्या घरी तो वालात पडतो, वांग्यात पडतो, शेवग्याच्या शेंगांत पडतो, आणि घरात काहीच नसलं तर कांद्याबरोबर तव्यावर पडून त्याचीच भाजी होते. आईच्या फळीवर जवळ्याचा डबा हळद-मिरचीच्या शेजारी असतो, सुक्या मासळीच्या डब्यांजवळ नाही. आई सोमवार पाळते. त्या दिवशी मात्र ती त्या डब्याला हात लावत नाही, कारण सोमवारी जवळा मासा होतो. बाकीचे सहा दिवस तो मसाला असतो.

हे आज मी हसत सांगते आहे. पण याच जवळ्यावरून मी आईच्या घरचं जेवण गमावून बसले होते. पाच महिने तिच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. ते घर मला परत मिळालं ते दोन बायकांमुळे. एक अर्थातच आई, आणि दुसरी माझ्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या मावशी. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. दोघींचे आभार मानायचे राहून गेले आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर धाकटी डहाणूला, खाडीच्या काठी. वडील होते तोवर बोटीवर जायचे. आई सुकी मासळी विकायची, अजूनही विकते. बांबूंवर टांगलेले बोंबील, खाली जाळ्यावर पसरलेला जवळा आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली मी, हे माझं लहानपण. माझं शिक्षण त्याच बोंबलांवर झालं. डहाणूच्या शाळेत जायला लागले तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली, हिच्या वहीला वास येतो. मी तिची वेणी धरून तिला बाकावरून खाली ओढलं. बाईंनी मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. तेव्हापासूनच राग माझ्या नाकावर बसलाय, तो पन्नाशी जवळ आली तरी उतरलेला नाही.

लग्न होऊन मी डहाणू शहरात आले. आईचं घर रिक्षाने थोड्याच अंतरावर. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आईने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं आणि पुढे तो नेमच झाला. रविवारी दुपारी आईकडे जेवायचं. भाऊ आणि वहिनी तिथेच राहतात, पण रविवारी चूल आईची. मातीच्या तवलीत, म्हणजे त्या पसरट तोंडाच्या मडक्यात, ती कालवण करायची. तिची तवली माझ्या वयाची आहे. आई सांगते, ती तवली नुसतं पाणी घालून उकळली तरी कालवण होईल, इतकी चव तिच्यात मुरली आहे. आमच्या घरात फार मिठ्या मारायची, गोड बोलायची पद्धत नाही. आईचं सगळं काय असेल ते त्या तवलीतून यायचं.

नोकरी मात्र लांब लागली, तलासरी तालुक्यात एका पाड्यावरच्या शाळेत. एसटी, मग जीप, मग पायी. पहिल्याच आठवड्यात मावशींनी मला घरी नेलं. शाळेपासून दोन शेतं ओलांडली की त्यांचं कुडाचं घर. अंगण सारवून स्वच्छ, एका बाजूला गाय आणि तिला ढुशा देणारं वासरू. मावशींनी मला खाटेवर बसवलं आणि कपात चहा आणून दिला. कोरा. गवती चहाची पात घालून उकळलेला, गुळाचा, पण दुधाचा थेंब नाही.

मी एकदा कपाकडे बघितलं, एकदा गायीकडे. दारात दुभती गाय आणि शाळेच्या बाईंना कोरा चहा? आधी मला अपमान वाटला. मग लगेच कीव आली. बिचाऱ्या दूध विकत असतील, स्वतःच्या घरात थेंब उरत नसेल. ही कीव अपमानापेक्षाही वाईट होती, पण तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढच्या सोमवारी मी डहाणूहून दुधाच्या दोन पिशव्या घेऊन गेले. एसटीत त्या मांडीवर धरून बसले, फुटू नयेत म्हणून. मावशींच्या हातात दिल्या आणि वर एक छोटं भाषण दिलं. दूध प्यावं, हाडं मजबूत होतात, या वयात बायकांना गरज असते, वगैरे. मावशी ऐकून घेत होत्या. त्यांनी दुधाचा चहा केला, मला दिला, स्वतः घेतला. असं मी कितीतरी सोमवार केलं. प्रत्येक वेळी मावशी माझ्याबरोबर बसून तो चहा प्यायच्या आणि मी समाधानाने त्यांच्याकडे बघायचे.

एक दिवस सहज विचारलं, "मावशी, गाय दूध किती देते?"

मावशींना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "आमी काढत नाय, बाई. ते वासराचा हाय."

"सगळंच?"

"मंग कोनाचा?"

त्यांनी ते मला शिकवायला म्हटलं नव्हतं. खरोखरच त्या मला विचारत होत्या, की आणखी कोणाचं असणार. त्यांच्या घरात धार काढायची रीतच नव्हती. गाय ठेवायची ती शेणासाठी आणि पुढे नांगराला बैल मिळावा म्हणून. दूध तिच्या वासराचं. त्यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. ज्या बाईंना मी दुधाचे धडे देत होते त्यांच्यापुढे मी पार तोंडघशी पडले होते. दूध नेणं मी त्या दिवसापासून बंद केलं. मावशींनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पण मी काही सुधारले नाही. डहाणूत माझा दुधाचा चहा चालूच होता, दिवसाला सात-आठ कप, साय घातलेला. पुढची कितीतरी वर्षं तो चालला. मग पित्त सुरू झालं. छातीत जळजळ, डोकं ठणकणं, सकाळी उठल्यावर तोंड कडू. पर्समध्ये खडूच्या तुकड्यांबरोबर पित्ताच्या गोळ्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, गोळ्या बदलून काही होणार नाही, महिनाभर दूध आणि दुधाचं सगळं बंद करून बघा. मी त्यांना म्हटलं, मग सकाळी उठायचं कशासाठी? ते हसले नाहीत.

तेव्हा मला मावशींचा तो कोरा चहा आठवला. मी मागितल्यावर त्यांनी गवती चहाचं एक ठोंब मुळासकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. ते मी गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. पहिला आठवडा वाईट गेला. समोरच्या घरातून दूध उतू गेल्याचा वास आला तरी मी दार लावून घ्यायचे. दुसऱ्या आठवड्यात जीभ शांत झाली. महिना संपला तेव्हा पर्समधल्या गोळ्यांचा कागदातच भुगा झाला होता, कारण कितीतरी दिवस त्या काढायची वेळच आली नव्हती. सगळं दुधामुळेच होत होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. डॉक्टरही सांगत नाहीत. पण दुपारी शाळेतून परतल्यावर अंग जड व्हायचं ते बंद झालं, एवढं माझ्यापुरतं खरं.

महिना संपल्यावर मी परत दुधाकडे जायला मोकळी होते. गेले नाही. दुधाचा कप हातात घेतला की ते "मंग कोनाचा?" कानात यायचं. इतकी वर्षं ते तिथेच होतं, फक्त पित्ताच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

मग एकेक प्रयोग सुरू झाले. चिखले गावच्या एका वाडीतून नारळ यायचे, त्यांचं दूध काढायला लागले. नारळाच्या दुधात पिकलेला चिकू कुस्करला की त्यात साखरही लागत नाही, हे आमच्याकडे कोणालाही पटेल. शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावायला गेले तर त्याची खळ झाली. नवरा म्हणाला, टाकू नकोस, भिंतीवरचं कॅलेंडर चिकटवायला होईल. चौथ्या खेपेला विरजणाऐवजी मिरचीची देठं घालून ते जमलं. खरी शिकवणी मात्र मावशींकडे झाली. नागलीची भाकरी, उडदाचं पिठलं, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, पावसात रानातून येणाऱ्या भाज्या. मी त्यांना नवीन काही विचारायला गेले की कळायचं, हे तर त्या रोजच खातात. मी ज्याला मोठा निश्चय म्हणत होते ते त्यांच्याकडे नुसतं जेवण होतं. फक्त एक गोष्ट डॉक्टरांनी बजावली, ब-बारा जीवनसत्त्वाची गोळी चुकवायची नाही, रक्त तपासत राहायचं. ती गोळी मी आजही घेते.

मासे सोडणं ही मात्र वेगळी गोष्ट होती. दूध काय, ते वासराचं म्हणून सोडता आलं. माशांनी मला वाढवलं होतं. आणि गंमत अशी की मासे माझ्याकडून सुटले ते आईमुळेच.

एका सकाळी मी आईबरोबर बंदरावर गेले होते. एका टोपलीत पापलेटं ओतलेली, ती एवढीशी, माझ्या शाळेतल्या मुलांच्या पाटीवरच्या अक्षरांएवढी. आई टोपलीत हात घालून एकेक उलटून बघत होती. मग तिने हात काढून घेतला आणि विकणाऱ्या बाईला म्हणाली, "ही काय म्हावरा हाय? ही तं पोरा हायत." आणि काही न घेता पुढे निघाली. तिच्या दृष्टीने विषय संपला. दुसऱ्या टोपलीतून तिने मोठे मासे घेतले आणि घरी येऊन कालवण केलं. माझ्या दृष्टीने मात्र तो संपला नाही. मी जेवले, पण त्या दिवशी मला चव कळली नाही.

मी एकदम काही सोडलं नाही. आधी घरी आणणं बंद केलं. नवऱ्याला हवे असतील तर त्याने बाहेर खावेत, किंवा त्याच्या सासूकडे, म्हणजे माझ्या आईकडे. त्याला सासूकडचेच आवडायचे. मग शाळेच्या डब्यातली सुकी मासळी बंद. शेवटी रविवार तेवढा उरला. वर्षभर मी आठवड्यातून एकदा आईकडे मासे खात होते आणि बाकीचे दिवस खात नाही याची आईला गंधवार्ता नव्हती. खोटं वागणं मला जमत नाही. एका रविवारी पाटावर बसल्यावर मी सांगून टाकलं.

आईने आधी माझ्या कपाळाला हात लावला. "आजारी हायस?"

"नाही."

"मंग कोन्या बुवाच्या नादी लागलीस?"

"नाही गं. मलाच नको वाटतं."

आई एवढंच म्हणाली, "तुझा शिक्षान कशावर झाला, ते ठाव हाय ना?" मला ते लागलं. पण तिने ताट वाढलं, डाळ-भात आणि पापड, आणि पुढच्या रविवारी तुझ्यासाठी वाल करते म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी तिने खरंच वाल केले. सकाळपासून सोलत बसली असणार. ताटात माझ्यासाठी वेगळी वाटी. मी दोन घास खाल्ले, छान लागले, आणि तिसऱ्या घासाला बोटात काहीतरी आलं. जवळा शिजला तरी त्याचे डोळे तसेच राहतात, दोन काळे ठिपके. वाटीभर ठिपके माझ्याकडे बघत होते.

"आई, यात जवळा आहे."

"थोडासाच हाय."

"मी सांगितलं होतं ना, मासे खात नाही म्हणून?"

"अगं, जवळा म्हावरा कवा झाला?"

आईची चूक तेवढीच होती. ती चूक आमच्या घरात जन्मलेली कोणतीही बाई करेल. मी हसायला हवं होतं. मी ताट पुढे सरकवलं. इतक्या जोरात, की वाटी कलंडली आणि वाल जमिनीवर पसरले. म्हटलं, तुला साधी एक गोष्ट कळत नाही. आणि मग, अजून सांगताना माझी मान खाली जाते, मी म्हटलं, "या घरात पाण्यालासुद्धा मासळीचा वास येतो."

वर्गातली ती मुलगी जे बोलली होती तेच. जिची मी वेणी ओढली होती.

आई वाल गोळा करत होती. तिने वर बघितलं नाही. "मंग माझ्या चुलीशी तुझा काय काम?" ती म्हणाली. "जा तू." मी उठले आणि पायात चप्पल घालून चालू लागले. नवरा अर्ध्या जेवणावरून माझ्या मागे आला.

नंतरचे पाच महिने रविवार आला की मला घर खायला उठायचं. नवरा दुपारी एकटा आईकडे जाऊन यायचा. आल्यावर हात-पाय धुऊन वर्तमानपत्र घ्यायचा. मी विचारायचे नाही, तो सांगायचा नाही. एकदाच न राहवून विचारलं, आई काही म्हणाली का? तो म्हणाला, "तुझी तब्येत विचारली." मी आत जाऊन कणिक मळायला लागले. ती गरजेपेक्षा दुप्पट मळली गेली.

खरं तर जायला मला कोणी अडवलं नव्हतं. मला वाटत होतं, आधी आईने म्हणावं की जवळा हा मासा आहे. ते एकदा कबूल झालं की बाकी मी सगळं सोडायला तयार होते. दरम्यान मी सगळ्यांना नकोशी झाले होते. शाळेतले शिक्षक मला व्हीगन बाई म्हणायला लागले होते आणि त्यात थट्टा होती, पण मला तो किताब वाटायचा. हळदीकुंकवाला कुणी पेढा पुढे केला की मी नुसतं नको म्हणायचे नाही, वासराची सगळी कहाणी ऐकवायचे. बिस्किटाचा पुडा दिसला की उलटा करून बारीक अक्षरं वाचायचे. लोक माझ्यासमोर चहा प्यायलाही कचरायला लागले. मी खात काय होते ते बरोबर होतं, अजूनही मला तसंच वाटतं. पण त्या बरोबर असण्याची मला नशा चढली होती.

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्या आठवड्यात पोरं कमी. मावशी शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि काय झालं कोण जाणे, त्यांना सगळं सांगितलं. वाल, जवळा, ताट, आणि मी बोललेलं ते वाक्यसुद्धा. वाटलं होतं, दूध न पिणाऱ्या मावशी तरी माझी बाजू घेतील.

मावशी सूप हलवत ऐकत होत्या. मग हसायला लागल्या. "बाई, तुमी दूद आनायच्या ना, तवा?"

"हो. त्याचं काय आता? किती वर्षं झाली."

"मी प्यायचे, तुमच्याबरोबर."

"हो, प्यायचात."

"तुमी गेल्या का पोटात ढवळायचा. वकाऱ्या यायच्या. आमाला सवय नाय ना त्याची."

किती सोमवार! समोर बसून त्यांचा रिकामा कप बघून मी खूश व्हायचे. "अहो, मग सांगितलं का नाही?"

मावशींनी एक खडा वेचून लांब टाकला. "तुमी एवढ्या लांबून, गाडीत मांडीवर धरून आनायच्या. तुमच्या हातावर परत कसा देऊ?"

त्या तांदळाला लागल्या. मला काही उपदेश करावा असं त्यांच्या मनातही नव्हतं. मी वर्गात गेले आणि फळा पुसत राहिले, पुसून झाला तरी. माझ्यासाठी त्या पोटात ढवळून घेत होत्या, आणि मी माझ्या आईची सकाळ जमिनीवर सांडून आले होते.

त्या रविवारी मी नवऱ्याला घरीच थांब म्हटलं आणि एकटी निघाले. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू होती, होड्या खाडीच्या काठावर ओढून प्लास्टिकखाली झाकून ठेवलेल्या. भाऊ-वहिनी वहिनीच्या माहेरी गेले होते. आई एकटीच आत बसून लसूण सोलत होती. मला बघून तिने पाट पायाने माझ्याकडे सरकवला. ये म्हणाली नाही, पण पाट सरकवला.

बसताना काय बोलायचं ते मी रिक्षात ठरवलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "आई, वाढ. जे असेल ते. जवळा असला तरी चालेल."

"खाशील?"

"खाईन."

मी ते मनापासून म्हटलं होतं. मावशी इतके सोमवार पिऊ शकल्या तर मला एक रविवार जड नव्हता. आईने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, बाजारात मासळी ताजी आहे का बघते तसं.

"नको खाऊस," ती म्हणाली.

मग उठली. गुडघ्यावर हात टेकत स्टुलावर चढली आणि माळ्यावरून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कापड सोडलं तर आत नवी तवली. जुनीच्या निम्म्या आकाराची, लालसर, आणि काठावर चुन्याचा एक ठसठशीत ठिपका.

"गंजाडची बाय येते ना मडकी घेऊन, तिच्याकडून घेतली. ठिपका तुझ्या वहिनीसाठी. ती विसरते, म्हावरा घालील यात."

"कधी घेतलीस?"

"तू गेलीस, त्याच हप्त्यात." तिने तवली पाण्याने विसळली. "हिच्यात पेज उकळून हिला तयार पन करून ठेवली. मला वाटला, येशील दुसऱ्या ऐतवारी."

पाच महिने ती तवली माळ्यावर होती. पाच महिने मी घरी बसून वाट बघत होते, की आईला जवळा कधी कळेल.

"आई, मी त्या दिवशी वासाचं जे बोलले..."

"वास तं येतेच," आई म्हणाली. "म्हावऱ्याला काय अत्तराचा येल?" आणि ती हसली, म्हणून मीही हसले, आणि हसता हसता रडले. आईने लसणाची वाटी माझ्यापुढे ठेवली. बसून रडायचंच असेल तर निदान लसूण सोल, असा त्याचा अर्थ.

मी सोलत बसले आणि तिला बंदरावरच्या त्या सकाळची आठवण करून दिली. ती पापलेटं, आणि ती काय म्हणाली होती ते. इतके दिवस हे मी तिला सांगितलंच नव्हतं, की हे सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. आई खोबरं वाटत होती. तिचा हात जरासा थांबला. "म्हनले आसेन," ती म्हणाली. मग पुन्हा वाटायला लागली. "पन मी खानार हां. मला नको सांगूस."

"तू खा गं."

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. लसूण चालतो? नारळ चालतो? चिंच? गूळ? प्रत्येकाला मी चालतं म्हणत गेले. शेवटी ती वैतागली. "सगळाच चालते, मंग एवढा अवघड काय होता?" फळीवरच्या त्या डब्याकडे तिचा हात सवयीने गेला. ती थबकली, माझ्याकडे बघितलं, आणि डबा उचलून सुक्या बोंबलांच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला.

कालवण तिच्या नेहमीच्याच पद्धतीने झालं. तोच हिरवा मसाला, तीच चिंच, माशाच्या जागी शेवग्याच्या शेंगा आणि बटाटा. तिने भात वाढला, वर कालवण घातलं आणि स्वतःचं ताट न घेता समोर बसून राहिली.

"कसा झालाय?"

खोटं मला जमत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. आणि आईला तर ते लगेच कळतं. "चांगलं झालंय," मी म्हटलं. "पण काहीतरी कमी लागतंय."

आईला राग आला नाही. तिने बोट बुडवून चाटून बघितलं आणि मान हलवली.

"तवली नवी हाय," ती म्हणाली. "चव मुराला वरीस तरी जाल. येत जा."

मी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.